देवघरातला वळू

डॉक्टर गेले त्याला आता वर्ष होत आलं. परवा त्यांचं कपाट आवरायला घेतलं, तेव्हा खालच्या खणात जुन्या मफलरीखाली एक पुठ्ठ्याची वही निघाली. वर त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: ‘दोनशे वर्षांची व्यवस्था’. वही घेऊन मी खिडकीशी बसले ती बसलेच. आमटी आटून गेली तरी मला पत्ता नाही.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान. गुरांचे डॉक्टर. सासूबाईंसकट सगळं घर त्यांना डॉक्टरच म्हणायचं, म्हणून लग्नानंतर महिन्याभरात मीही म्हणू लागले. आम्ही तेव्हा सोलापुरात कसब्यात राहत होतो. आणीबाणीच्या आधीची एकदोन वर्षं. गिरणीच्या भोंग्यावर दिवस सुरू व्हायचा आणि उन्हाळ्यात सकाळी नऊलाच संपल्यासारखा वाटायचा.

त्या वहीला कारण मीच. मी अर्धा दिवस एका वाचनालयात काम करायचे. तिथं आलेल्या एका इंग्रजी मासिकात अमेरिकेतल्या काही माणसांविषयी लेख होता. ही माणसं मेल्यावर स्वतःला जाळून किंवा पुरून घेत नाहीत. भल्यामोठ्या पोलादी टाक्यांत, भयंकर थंडीत, अखंड ठेवून घेतात. पुढं कधीतरी औषधं सुधारतील, तेव्हा आपल्याला बाहेर काढून उठवतील, ही आशा. मला गंमत वाटली. मी तो लेख घरी आणून रात्रीच्या जेवणावर सासूबाईंना मराठीत सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि एकच शंका विचारली, “आणि तेरावं कधी घालतात?”

मी हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हात धुतले आणि लेख दोनदा वाचला.

त्याचं कारण आमच्या देवघरात होतं. वळूचं बी बारीक कांड्यांत भरून गोठवायचं, वर्षानुवर्षं ठेवायचं आणि हवं तेव्हा गाईला द्यायचं, ही पद्धत तेव्हा आमच्याकडे नुकती येत होती. त्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवाव्या लागत. डॉक्टरांकडे त्यासाठी ॲल्युमिनियमची एक टाकी होती, मांडीइतकी उंच, गळ्याशी अरुंद. बूच उचललं की आतून पांढरी वाफ यायची आणि वर न जाता टाकीच्या अंगावरून खाली उतरून फरशीवर पसरायची. टाकीला वीज लागत नसे, काही लागत नसे. फक्त तो नायट्रोजन सारखा उडून जायचा. टाकी जुनी, त्यामुळं दर चौथ्या दिवशी शेजारच्या साठ्याच्या टाकीतून तिच्यात भर घालावी लागे. एकदा कोरडी पडली की आतलं सगळं कायमचं गेलं. साठा पंधरा दिवसांनी पुण्याहून जीपमधून यायचा.

ही टाकी खरं तर ऑफिसात असायची. पण ऑफिसचं कोठार पत्र्याचं, आणि तिथला शिपाई टाकीला बॉम्ब समजून बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. आमचं भाड्याचं घर धाब्याचं, जाड भिंतींचं. त्यातली सगळ्यात गार खोली देवघराची. म्हणून टाकी देव्हाऱ्याच्या डाव्या हाताला येऊन बसली.

आणि टाकीत एक वळू होता.

म्हणजे त्याच्या चार कांड्या होत्या. मंगळवेढ्याकडच्या एका म्हाताऱ्याचा खिलार वळू. बहात्तरच्या दुष्काळात म्हाताऱ्याने त्याला छावणीत स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून घालून जगवला होता. पुढं पुण्याकडे कांड्या भरण्याचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा डॉक्टरांनी हा वळू महिनाभर तिकडे नेला होता. परत आल्यावर वर्षभरात त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो बांधावरच गेला. म्हातारा ऑफिसात येऊन उभा राहिला. डॉक्टरांनी पुण्याला पत्रं लिहून लिहून उरलेल्या चार कांड्या मागवल्या. म्हाताऱ्याकडे एक चांगली गाय होती, पण ती दुसऱ्याच वळूपासून गाभण. तिने वेत द्यायचं, मग माजावर यायचं. तोवर आठ-नऊ महिने चार कांड्या जपायच्या. त्या गेल्या तर वळूचं कुठंच काही उरणार नव्हतं.

मंगळवारच्या बाजाराला म्हातारा एसटीने सोलापूरला यायचा, तो आधी आमच्याकडे. चपला पायरीशी, पटका डोक्याला, हातात ज्वारीच्या कणसांची नाहीतर हरभऱ्याच्या डहाळ्याची पेंडी. देवघराच्या उंबऱ्याशी बसायचा आणि मला विचारायचा, “वैनी, बरा हाय न्हवं?”

“बरा आहे,” मी म्हणायचे. दुसरं काय म्हणणार.

मग मी बूच उचलायचे. वाफ फरशीवर उतरायची. म्हातारा हात जोडायचा. एकदा त्याने बाजारातून झेंडूची माळ आणून टाकीच्या गळ्यात घातली आणि सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं. त्या दिवसापासून रोजच्या पूजेत टाकीलाही दोन फुलं मिळू लागली. नंदीच आहे तो, असं सासूबाईंचं म्हणणं. डॉक्टरांनी विरोध केला नाही. फुलांनी नायट्रोजन कमी होत नाही, एवढंच म्हणाले.

तर लेख वाचून झाल्यावर डॉक्टरांनी मासिक बाजूला ठेवलं. “थंडी ही यातली सोपी गोष्ट आहे,” ते म्हणाले. “ती मी आपल्या देवघरात करतो. दोनशे वर्षं ओतणार कोण, हे यांनी लिहिलंच नाही.”

दुसऱ्या दिवशी ही वही आली. पहिल्या पानावर ‘जागा’, मधोमध ‘माणसं’. लग्नाला वर्ष झालेली मी रविवारी सिनेमाला जायची वाट पाहायचे, आणि हे मला स्कूटरवर मागं बसवून मेलेल्या माणसांसाठी जागा बघायला न्यायचे. आता वही वाचताना कळतं, त्या वर्षभरात सोलापूर जिल्हा जेवढा पाहिला तेवढा पुढं तीस वर्षांत पाहिला नाही.

भीमेकाठची जागा पहिल्याच रविवारी बाद झाली, पुरामुळं. मंगळवेढ्याची काळी जमीन मला फार आवडली. ज्वारी उभी होती, वारा सुटला होता. डॉक्टरांनी भेगेत काठी घातली, ती हातभर आत गेली. उन्हाळ्यात इमारत तडकेल, बाद. अक्कलकोट सोयीचं, पण तिथं गर्दी. आठ दिवसांत लोक टाक्यांना नवस बोलू लागतील. याबाबतीत आमच्या घरचाच अनुभव ताजा होता. शहरात गिरण्यांच्या आसपास नको, संप झाला की रस्ते बंद. मैंदर्गीजवळ एक मुरमाड माळ मात्र त्यांना पसंत पडला. उंच, कोरडा, टणक. मी विचारलं, इथं राहायला कोण येईल? त्यांनी वहीत लिहिलं, ‘सौ.चा प्रश्न बरोबर’. ही नोंद अजून आहे.

त्याच दिवशी मैंदर्गीत पाणी प्यायला आम्ही एका देवळात थांबलो. गाभाऱ्यात नंदादीप होता. तिथल्या गुरवाने सांगितलं की हा दिवा त्याच्या आज्याच्या आज्यापासून विझलेला नाही. डॉक्टर त्याच्यासमोर मांडी घालूनच बसले. पगार कोण देतं, सुट्टी कोण देतं, आजारी पडलं तर काय, सगळं विचारलं. गुरव म्हणाला, भावकीची तीन घरं आहेत, एकेका घराकडं एकेक महिना पाळी. बापाचं काम पोराकडं, पोराचं नातवाकडं. कुणी कुणाला नेमत नाही आणि कुणी सोडून जात नाही.

परतताना डॉक्टर स्कूटरवर ओरडून बोलत होते, वाऱ्यामुळं मला निम्मंच ऐकू आलं. अमेरिकेला जे सुचत नाही ते मैंदर्गीत आहे, असा एकूण सूर होता. घरी येताच त्यांनी ‘माणसं’ या पानावर लिहिलं: एकाच भावकीतली तीन घरं, पाळीने, पिढीजात.

मी विचारलं, “आणि आत पहिलं कोण?”

“मी.”

“मग मी कुठं?”

“तू पाळीवर,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही.”

पौषात एका गाईने डॉक्टरांना लाथ मारली. गाय तपासताना ते तिच्या अगदी मागं उभे होते. दुसरीकडं कुठं उभं राहणार? मांडीचं हाड मोडलं. इस्पितळात पाय वर टांगून त्याला वजन लावलं आणि दीड महिना हलायचं नाही असं सांगितलं. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी पहिलं काम काय केलं, तर गुरवाच्या धर्तीवर टाकीची पाळी लावून दिली. एकदा मी, एकदा सासूबाई, एकदा माझे दीर. महिन्यातले चार दिवस मी बाजूला बसेन, हे मीच त्यांना लक्षात आणून दिलं. त्यांच्या दोनशे वर्षांच्या व्यवस्थेत तो मुद्दा आलाच नव्हता. तेव्हा दीर ओततील, असं ठरलं.

दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. कातडी हातमोजे घालायचे, साठ्याची टाकी कलती करायची, सावकाश ओतायचं. मग एक लाकडी पट्टी आत बुडवून बाहेर हवेत हलवायची. जिथवर तिच्यावर पांढरं हिंव धरेल तिथवर आत नायट्रोजन. सासूबाई तर माझ्याहून नेटक्या ओतायच्या. मंगळवारी म्हातारा आला, तेव्हा त्याला सांगितलं की गाय व्यायली ना, आता दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न. तो म्हणाला, “डागदर पडला, पर तुमी हाय की.”

आणि बार्शीहून तार आली. डॉक्टरांचे चुलत चुलते गेले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी पाहिलं होतं, पण स्वतःच्या लग्नात. तरी भावकी ती भावकी. दहा दिवसांचं सुतक लागलं. देवपूजा बंद झाली, देवघराला कडी लागली. दुसऱ्या दिवशी टाकी भरायची होती.

मी हातमोजे घेऊन निघाले, तर सासूबाई दाराशी उभ्या.

“आई, ती टाकी आहे.”

“कुंकू कुणी लावलंय तिला? मीच. रोज फूल वाहायचं आणि सुतकात हात लावायचा, असं होत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पोराचं हाड जुळायचंय अजून.”

दिरांना सुतक, सासूबाईंना सुतक, मला सुतक. पाळीवरची तिन्ही माणसं एका तारेनं बाद. शिपायाला विचारलं; त्याने दारातूनच हात जोडले. डबा घेऊन इस्पितळात गेले आणि डॉक्टरांना सांगितलं. ते चिडले. मी सांगतोय म्हणून सांग आणि सरळ ओत, असं म्हणाले. मी म्हटलं, आई म्हणतात, तुमचं हाड जुळायचंय अजून. त्यावर त्यांनी टांगलेल्या वजनाकडं पाहिलं. मग म्हणाले, “मी गुरवाला सगळं विचारलं. हेच कसं विचारलं नाही?”

दुपारी सासूबाई आडव्या झाल्या तेव्हा मी हळूच देवघराची कडी काढली. पट्टी बुडवून पाहिली. हिंव दोन बोटांवर आलं होतं. उद्या संध्याकाळपर्यंत कांड्या उघड्या पडल्या असत्या. साठ्याची टाकी हाताशी होती. मी शिकलेली होते, वाचलेली होते, यातलं काही मानत नव्हते. पण हाड माझ्या नवऱ्याचं होतं. मी पट्टी पुसली आणि बाहेर आले.

परसात उभी राहिले, तर भिंतीपलीकडून धुणं आपटल्याचा आवाज येत होता. शेजारच्या अक्कांचा. त्या लिंगायत, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात कानडी. मराठी बोलायच्या ती स्वतःच्या सोयीने. गेल्या साली त्यांचे सासरे वारले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी अक्का शेंगाची चटणी कुटत होत्या, हे मला आठवलं. तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं.

“अक्का,” मी भिंतीवरून हाक मारली. “तुमच्यात सुतक धरत नाहीत ना?”

“न्हाई. येन री, काय झालं?”

मी सांगितलं. टाकी, थंडी, म्हातारा, बार्शी. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, “आत कोण हाय म्हणालीस?”

“वळू.”

“बसवण्णा,” अक्का म्हणाल्या. कानडीत नंदीला तेच म्हणतात. हातातलं लुगडं पिळून त्यांनी दोरीवर टाकलं, डोक्यावरून पदर घेतला आणि आल्या.

सासूबाई उठून दाराशी आल्या. अक्कांच्या पायांकडं पाहत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, पाय धुऊन जा. अक्का पाय धुऊन आत गेल्या. डॉक्टरांचे हातमोजे त्यांनी बांगड्यांवरून कोपरापर्यंत चढवले. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून हातवारे करून सांगत होते, आणखी कलती करा, सावकाश, थांबा. सासूबाई माझ्यामागून तेच पुन्हा सांगत होत्या. वाफ अक्कांच्या पावलांभोवती पसरली. शिपायासारखं घाबरणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पट्टी बाहेर काढून त्यांनी आम्हाला दाखवली. हिंव सात बोटांवर होतं.

“आतु,” अक्का म्हणाल्या. झालं.

सुतकात त्या आणखी दोनदा आल्या. तिसऱ्या वेळी सासूबाईंनीच भिंतीवरून हाक मारली.

फाल्गुनात डॉक्टर कुबडीवर घरी आले, आणि जरा चालू लागताच एसटीने मैंदर्गीला गेले. मी बरोबर होते. गुरवाला विचारलं, भावकीत कुणी गेलं तर दिव्याचं काय करता? तिन्ही घरांना एकदमच सुतक.

“तवा जंगम घालतो की तेल,” गुरव म्हणाला. “पल्याडच्या घरातला, लिंगायत. त्येंच्यात सुतक न्हाय. लई वरसापास्नं हाय ह्ये.”

“मागच्या वेळी सांगितलं नाहीस?”

“तुमी इचारलं कुटं?”

वहीत त्या दिवशीची नोंद अशी: ‘माणसं एकाच भावकीतली नकोत. शेजार वेगळ्या रीतीचा हवा. असा शेजार जिथं जुना असेल ती जागा योग्य. माती, पाणी, रस्ता नंतर.’ मी ते वाचून म्हटलं, म्हणजे आपला कसबाच की. एवढं पेट्रोल उगाच जाळलं. डॉक्टर हसले, आणि पहिल्यांदा आम्ही रविवारी सिनेमाला गेलो.

वैशाखात म्हाताऱ्याची गाय माजावर आली. डॉक्टर कुबडी घेऊनच गेले. पहिली कांडी फुकट गेली, गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. दुसरीही. म्हातारा मंगळवारी यायचा, पण आता ‘बरा हाय न्हवं’ विचारायचा नाही, नुसता बसायचा. तिसरीला गाय गाभण राहिली. टाकीत एक कांडी उरली. पुढचे नऊ महिने आम्ही त्या एका कांडीसाठी दर चौथ्या दिवशी ओतत राहिलो. कारण म्हाताऱ्याला गोऱ्हा हवा होता, वळू हवा होता, आणि होईल ते कालवडही असू शकत होतं.

कालवड झाली. आम्ही दोघं बघायला गेलो. पांढरी, लांब पायांची, आईच्या पोटाखाली डोकं खुपसून उभी. म्हाताऱ्याने तिचं तोंड धरून आमच्याकडं वळवलं. “कपाळ त्येचंच हाय,” म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला समजावून सांगितलं. एक कांडी आहे. गाय पुन्हा माजावर येईपर्यंत सांभाळतो. या वेळी गोऱ्हा होईल कदाचित. अक्कासुद्धा आता तयार आहेत, हे मीही मध्येच सांगितलं.

म्हातारा कालवडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आम्हाला वाटलं, हिशेब करतोय कधी माजावर येईल त्याचा.

“डागदर, एक आली न्हवं,” तो म्हणाला. “आता त्येला तितं थंडीत कशाला उबा ठेवायचा? द्या मोकळा करून.”

डॉक्टरांनी मान डोलावली.

पुढच्या मंगळवारी म्हातारा आला. डॉक्टरांनी चिमट्याने शेवटची कांडी बाहेर काढली. बोटभर लांबीची, हिंवाने पांढरी. मिनिटभरात ती पारदर्शक झाली, नुसती नळी. म्हाताऱ्याने ती पटक्याच्या टोकात बांधली. वळूला ज्या बांधाखाली पुरलं होतं तिथंच ठेवतो, म्हणाला. जाताना त्याने टाकीला हात जोडले नाहीत. मला म्हणाला, “वैनी, कालवडीला बघाय या.”

दुसऱ्या आठवड्यात टाकीत जर्सी वळूच्या कांड्या आल्या. सासूबाईंनी विचारलं, हा कुठला? परदेशचा, असं कळल्यावर त्यांनी फूल वाहणं बंद केलं.

वहीत त्यानंतर फक्त एक बदल आहे. ‘आत पहिलं कोण’ या ओळीपुढं ‘मी’ असं लिहिलं होतं, त्यावर एक आडवी रेघ. कधी मारली ते मला माहीत नाही. पुढं संसार, बदल्या, मुलं, कुणाला ती वही आठवली नाही.

गेल्या वर्षी दहाव्याला मुलाने हळूच विचारलं, थोड्या अस्थी घरी ठेवायच्या का, हल्ली काहीजण ठेवतात, झाडाखाली वगैरे. मला एकदम फरशीवर उतरणारी ती वाफ दिसली. मी त्याला म्हटलं, नको. सगळ्या ने. कणही मागं राहू नये म्हणून मी स्वतः फडकं मडक्यात झटकून दिलं.

आता ही वही कुठं ठेवायची ते ठरत नाही. तूर्तास खिडकीत आहे, आणि उद्या आमटी करताना ती हातात घ्यायची नाही एवढं नक्की.